कोसा आणि पीव्हीए खरोखर मिसळले का?

भंडारा जिल्ह्यातले आंधळगाव कोशाच्या कापडासाठी आणि करवती काठाच्या साड्यांसाठी ओळखले जाते. ऐन-अर्जुनाच्या पाल्यावर वाढलेल्या अळीचा कोष सोड्याच्या पाण्यात उकळून त्यातला डिंक काढला की धागा सुटतो. हा धागा म्हणजे जवळजवळ निव्वळ फायब्रॉइन हे प्रथिन, म्हणजे निसर्गाने घडवलेला पॉलिमर.

कोशाच्या फायब्रॉइनमध्ये अ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल ओळीने पुन्हा पुन्हा येते. अशा साखळ्या शेजारी-शेजारी लागल्या की एकीच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन दुसरीच्या ऑक्सिजनकडे ओढला जातो. हाच हायड्रोजन बंध. एकटा बंध दुबळा, पण ओळीने असंख्य लागले की थर पक्का बसतो. तुतीचे रेशीम लिथियम ब्रोमाइडच्या तीव्र द्रावणात विरघळते, कोसा मात्र त्याला सहसा दाद देत नाही. त्याला वितळलेल्या कॅल्शियम नायट्रेटसारखे जालीम क्षार लागतात.

एवढ्या खटाटोपाने विरघळवलेल्या फायब्रॉइनचा पातळ पापुद्रा ओतला, तर वाळल्यावर तो कडक होऊन तुटतो. म्हणून त्यात पॉलिव्हिनाइल अल्कोहोल, म्हणजे पीव्हीए, हा लवचिक पॉलिमर घालता येतो. पण दोघांच्या साखळ्या एकमेकींशी बांधल्या गेल्या की नुसत्या शेजारी पडून राहिल्या, हे डोळ्यांना दिसत नाही.

ते अवरक्त वर्णपटावरून शोधता येते. अणूंमधला बंध स्प्रिंगसारखा ताणतो-आकसतो आणि आपल्या कंपनसंख्येचा अवरक्त प्रकाश शोषतो. कार्बन-ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या ऑक्सिजनला बाहेरचा हायड्रोजन बिलगला की तो दुहेरी बंध किंचित ढिला पडतो, कंपन मंदावते आणि शोषणाचे शिखर खालच्या आकड्याकडे सरकते. फायब्रॉइनचे हे शिखर साखळ्या विस्कळीत असताना साधारण 1650 प्रति सेंटीमीटरला दिसते.

मिश्रणाचा एकटा वर्णपट पाहून काही ठरवू नये. आधी शुद्ध फायब्रॉइनचा आणि शुद्ध पीव्हीएचा वर्णपट घ्यावा, मग 75:25, 50:50, 25:75 अशा मिश्रणांचा. दोन शुद्ध वर्णपट त्याच प्रमाणात बेरजेला धरले की काहीच बंध जुळले नसते तर आलेख कसा आला असता ते कळते. प्रत्यक्ष आलेख या बेरजेपासून जिथे ढळतो, तिथे शोध घ्यायचा.

आणि इथेच घाई नडते. समजा मिश्रणात 1650 चे शिखर 1625 कडे घसरले. बंध जुळले, हे खरे, पण कोणाचे कोणाशी? फायब्रॉइनच्या साखळ्या आपापसात थर रचून बसल्या तरी शिखर नेमके 1625 च्या आसपासच येते. म्हणजे दोन पॉलिमर एकमेकांपासून वेगळे होत असतानाही आलेख वरवर तसाच दिसू शकतो. मला हा या तंत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा वाटतो. त्यामुळे पीव्हीएची बाजूही तपासावी लागते. त्याच्या स्फटिकी भागाशी जोडलेले शिखर 1141 ला असते. बेरजेच्या हिशेबापेक्षा ते अधिक खुजे झाले आणि 3300 च्या आसपासचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा रुंद पट्टाही बदलला, तर पीव्हीएने आपल्यातले बंध सोडून फायब्रॉइनशी जोडले, असे म्हणायला आधार मिळतो.

नमुना हिऱ्याच्या स्फटिकावर दाबून मोजत असाल तर आणखी एक काळजी घ्या. प्रकाश पापुद्र्यात जेमतेम एक-दोन मायक्रॉन शिरतो. ओतलेल्या पापुद्र्याची हवेकडची आणि बशीकडची बाजू सारखी असेलच असे नाही, म्हणून दोन्ही मोजाव्यात.

सगळ्यात त्रास देते ते पाणी. त्याचे एक शिखर 1640 ला, म्हणजे फायब्रॉइनच्या शिखरावरच येऊन बसते, आणि दुसरे 3400 च्या आसपास पसरते. पावसाळ्यात ओलावा धरलेला पापुद्रा निर्वातात वाळवल्याशिवाय मोजण्यात अर्थ नाही. त्यानंतरही शंका उरली तर नमुना यंत्रातच हळूहळू तापवावा. पहिल्या तापवणीत उरलेले पाणी निघून जाते, त्यामुळे त्या वेळचे बदल हिशेबात धरू नयेत. थंड करून पुन्हा तापवले आणि शिखरे दर वेळी वर सरकून परत जागेवर आली, तर ती हालचाल दोन पॉलिमरांमधल्या बंधांची आहे की नाही, हे शुद्ध पापुद्र्यांची तशीच तापवणी शेजारी ठेवून ठरवता येते.