ॲन बोलीन : १७ दिवसांत संपवलेली राणी
हिच्याशी लग्न करता यावं म्हणून इंग्लंडच्या आठव्या हेन्रीने थेट पोपशी संबंध तोडले होते. पण मुलगा झाला नाही. जानेवारी १५३६मध्ये गर्भपात झाला आणि राजाचं मन जेन सीमोरकडे वळलं. बरखास्त मठांचा पैसा कुठे जावा, यावरून मंत्री थॉमस क्रॉमवेलशीही ॲनचं बिनसलं. २ एप्रिलला तिच्या धर्मगुरूने राजासमोरच्या प्रवचनात हामान या कपटी मंत्र्याची बायबलमधली गोष्ट सांगितली. रोख कुणावर होता, हे उघड होतं.

बरोबर महिन्याने, २ मे रोजी, तिला टॉवर ऑफ लंडनमध्ये डांबलं. आरोप व्यभिचाराचा, तोही सख्ख्या भावासह पाच जणांशी, शिवाय राजाच्या खुनाच्या कटाचा. आरोपपत्रातल्या कित्येक तारखांना ती नमूद ठिकाणी नव्हतीच! कबुली दिली ती पाचांपैकी एकट्या वादक मार्क स्मीटनने. न्यायासनावर होता तिचा सख्खा मामा, ड्यूक ऑफ नॉरफोक. मृत्युदंड त्यानेच सुनावला.

१७ मे रोजी पाचही पुरुषांचा शिरच्छेद झाला आणि त्याच दिवशी राजाराणीचं लग्न मुळातच अवैध ठरवलं गेलं. लग्नच नव्हतं, तर व्यभिचार कसला? तरीही १९ मे रोजी तलवारीने तिचं शिर उडवलं गेलं. ३० मे रोजी हेन्रीने जेनशी लग्न केलं.