साखरेच्या पोत्यात दडलेले पाणी

शिवनेरीच्या लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी दान केल्याचा शिलालेख आहे. पोढी म्हणजे पाण्याचे टाके. जुन्नरच्या भिक्खू संघाला लोक लेण्यांबरोबर पाणीही दान देत आणि कोणी काय दिले ते दगडात कोरून ठेवत. नाणेघाटातून चालणाऱ्या व्यापारावर हे नगर वाढले. माल आजही बाहेर जातो, पण त्याच्यासोबत किती पाणी गेले याची नोंद कोणी ठेवत नाही.

लंडनचे प्राध्यापक टोनी ॲलन यांनी अशा पाण्याला 'आभासी पाणी' म्हटले. वस्तू हातात येईपर्यंत शेतात आणि कारखान्यात जे पाणी खर्च झाले, ते सगळे यात धरायचे. जागतिक सरासरीने एक किलो टोमॅटोमागे सुमारे २१४ लिटर. म्हणजे नारायणगावच्या बाजारातला वीस किलोचा एक क्रेट चार हजार लिटरच्या पुढे गेला. उसाच्या साखरेला किलोमागे जवळपास १,८०० लिटर लागतात. पन्नास किलोच्या एका पोत्यात दहा हजार लिटरचे नऊ टँकर! यात पावसाचे पाणीही मोजलेले असते हे खरे. पण आपल्याकडचा ऊस पावसाळा संपल्यावरही महिनोन्महिने उभा असतो, आणि तेव्हा तो कालव्यावर नि विहिरीवरच जगतो.

ते कालव्याचे पाणी येते कुठून? आंबेगावच्या डिंभे धरणातून, जुन्नरच्या माणिकडोह, वडज, येडगावमधून. कुकडी प्रकल्पाचे हे पाणी पूर्वेकडे अहिल्यानगर, सोलापूरपर्यंत जाते. धरणांच्या वरच्या अंगाला, सह्याद्रीच्या कुशीत पाऊस धो-धो कोसळतो, पण तिथल्या आदिवासी वाड्यांत उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन डोंगर उतरतात. कालवा उताराने वाहतो, चढाने नाही. धरणासाठी जमीन मात्र वरच्यांचीच गेली.

दोष शेतकऱ्याचा नाही. उसाला हमखास गिऱ्हाईक आहे, ज्वारी-बाजरीला तसे नाही, मग त्याने काय करावे? आमचा प्रश्न पाणी वाटणाऱ्यांना आहे.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा अडवणारे समोर दिसत होते. आज अडवणूक दिसत नाही, कारण पाणी पोत्यात आणि क्रेटमध्ये भरून ट्रकने जाते. म्हणून येत्या ग्रामसभेत आपल्या लोकांनी एवढेच विचारावे: गावातून वर्षाला किती पाणी मालाच्या रूपाने बाहेर गेले, आणि वस्तीच्या नळाला किती आले? दोन्ही आकडे गावाच्या फलकावर लावा.