स्फोटक स्थळांतील बिनतारी पहारा आणि मौनाचा अर्थ

कोळशाच्या खाणी, तेलशुद्धीकरणाचे कारखाने, ज्वालाग्राही द्रवांच्या टाक्या अशा स्थळी वायुगळतीवर अखंड लक्ष ठेवावे लागते. परंतु धोक्याची सूचना देणारे साधनच तेथे धोक्याचे कारण होऊ शकते, ही या विषयातील मूळ अडचण होय. दक्षिण वेल्समधील सेंघेनिद येथील खाणीत १४ ऑक्टोबर १९१३ रोजी झालेल्या स्फोटात ४३९ कामगार व बचावकार्यातील एक इसम मृत्युमुखी पडले. स्फोटाचे कारण निश्चित ठरले नाही. तथापि संकेतघंटेच्या तारांमधील ठिणगीवर संशय होता.

हवेतील मिथेनचे प्रमाण सुमारे ५ ते १५ टक्के असता ते मिश्रण स्फोटक बनते, आणि ते पेटण्यास सुमारे ०.३ मिलिज्यूल ऊर्जा पुरते. हायड्रोजनाला तर सुमारे ०.०२ मिलिज्यूलच पुरे. घंटेच्या मंडलांचा अभ्यास व्हीलर व थॉर्नटन यांनी केला. ठिणगी टाळता आली नाही तरी तिची ऊर्जा मर्यादित ठेवता येते, या विचारातून पुढे ‘अंगभूत सुरक्षितते’ची कल्पना विकसित झाली. भक्कम पेटीत यंत्र बंदिस्त करणारी पद्धत आत झालेला स्फोट आतच कोंडून ठेवते. अंगभूत सुरक्षितता स्फोटाला लागणारी ऊर्जाच मिळू देत नाही.

बिनतारी साधनांनाही हाच नियम लागू आहे. रेडिओलहरी जवळच्या धातूच्या सांगाड्यात विद्युत्प्रवाह निर्माण करू शकतात व सांध्यापाशी ठिणगी पडू शकते. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांत प्रक्षेपणशक्तीच्या मर्यादा वायुगटानुसार ठरविल्या आहेत: मिथेन व प्रोपेन यांसाठी ६ वॅट, एथिलीनच्या गटासाठी ३.५ वॅट, हायड्रोजनाच्या गटासाठी २ वॅट. आजच्या बिनतारी संवेदकांची शक्ती बहुधा १० मिलिवॅटच्या आसपास, म्हणजे या मर्यादांहून पुष्कळच कमी असते. खरी अडचण वेगळीच आहे. विद्युत्घट लहान असल्याने साधन बराच काळ निद्रिस्त राहते व ठराविक अंतरानेच बोलते.

येथे भाषाशास्त्राशी निकटचा प्रश्न उपस्थित होतो. तारेच्या जुन्या पद्धतीत मापनाचा शून्य अंक ४ मिलिअँपिअर प्रवाहाने व्यक्त होतो. प्रवाहच नसला तर तार तुटली असे समजले जाते. म्हणजे ‘शून्य’ आणि ‘अभाव’ यांची चिन्हे भिन्न ठेवलेली आहेत. मराठीत ‘राम’ या रूपात प्रत्यय दिसत नाही, तरी ‘रामाने’, ‘रामाला’ ही रूपे समोर असल्यामुळे तो अभावही अर्थपूर्ण ठरतो. पाणिनीय परंपरेत लोपाला स्थान आहे ते याच कारणाने: जे अपेक्षित होते त्याच्याच अदर्शनाला अर्थ असतो.

बिनतारी व्यवस्थेत अविरत प्रवाह नसतो. म्हणून तेथे अपेक्षा निर्माण करावी लागते, आणि ती नियतकालिक संदेशाने होते. ठरलेल्या वेळी संदेश आला नाही, तर ‘सर्व ठीक’ असे न मानता ‘दोष’ मानावा, असा संकेत प्रारंभीच निश्चित करावा लागतो. हा संकेत नसेल तर बंद पडलेले साधन व निर्धोक हवा यांचे मौन एकसारखेच ऐकू येईल.

अर्थात् संदेशांतील अंतर किती ठेवावे हा प्रश्न उरतोच. अंतर वाढविल्यास विद्युत्घट टिकतो. पण तेवढा काळ खाली काम करणारा मनुष्य अनिश्चिततेत राहतो. म्हणून ते अंतर घटाच्या आयुष्यावरून नव्हे, तर वायू धोक्याच्या पातळीस किती वेळात पोहोचेल यावरून ठरविणे उचित होय.