ट्यूबलेस सायकलची हवा जाते कुठून?

पंक्चरच्या धंद्यातील आपल्या कारागीर बंधूंना मोटारसायकलचा ट्यूबलेस टायर आता पाठ झाला आहे. खिळा उपसला, चिकट पट्टी खोचली, हवा भरली, काम संपले. परंतु डोंगरात चालवायची जाड टायरांची सायकल, जिला एमटीबी म्हणतात, दुकानात आली आणि गिऱ्हाईकाने ती ट्यूबलेस करून मागितली की तोच तयार हात अडखळतो. चाक संध्याकाळपर्यंत टणक राहते आणि सकाळी गिऱ्हाईक चपटा टायर घेऊन दारात उभे राहते. मग पुन्हा सीलंट ओतायचे, पुन्हा हवा भरायची. सीलंट काही फुकट येत नाही आणि दुसऱ्या वेळची मजुरी मागायला तोंड राहत नाही. तिसऱ्या वेळी ते गिऱ्हाईक मोठ्या शोरूमची वाट धरते, आणि रविवारी त्याच्यासोबत डोंगराकडे निघणारे चार मित्रही त्याच वाटेने जातात.

घोटाळा कुठे होतो ते आधी पाहू. मोटारसायकलचे ओतीव चाक अखंड असते. व्हॉल्व्हचे भोक सोडले तर हवेला दुसरी वाट नसते. एमटीबीच्या रिमला बहुधा २८ किंवा ३२ स्पोक असतात आणि प्रत्येक निपल बसवण्यासाठी रिमच्या आतल्या बाजूस एक भोक असते. ट्यूब होती तोवर या भोकांशी हवेचा काही संबंध नव्हता. ट्यूब काढली की ती सगळी भोके एका पातळ टेपच्या भरवशावर राहतात. १९९९ साली फ्रान्सच्या माविक कंपनीने मिशेलिन व हचिन्सन यांच्यासह यूएसटी नावाची ट्यूबलेस पद्धत आणली, तेव्हा माविकच्या रिमचा आतला तळ अखंडच ठेवला होता. पुढे टेप आणि सीलंटची पद्धत पसरली आणि आज दुकानात येणारे चाक बहुतेक वेळा टेपचेच असते. म्हणून आमचे म्हणणे असे की, हवा गेली की पहिला संशय टायरवर नव्हे, टेपवर घ्यावा.

शोधण्याची रीत जुनीच आहे. हवा भरून चाकाला साबणाचे पाणी लावावे आणि सावकाश फिरवत पाहावे. पण इथे एक फसगत आहे, ती नीट ध्यानात घ्यावी. एमटीबीची रिम आतून पोकळ असते. टेपमधून निसटलेली हवा त्या पोकळीत शिरते, आत फिरते आणि जिथे वाट सापडेल तिथून बाहेर येते. निपलपाशी बुडबुडे दिसले म्हणून टेप त्याच निपलवर फाटली आहे असे समजू नये. ती चाकाच्या दुसऱ्या टोकालाही फाटलेली असू शकते. रिमच्या जोडावर बुडबुडे आले तरी अर्थ तोच. व्हॉल्व्हच्या नटाभोवती आले तर दोष व्हॉल्व्हचा असेल किंवा टेपचाही असेल.

आम्ही स्वतः यात फसलो आहोत. एका चाकाच्या व्हॉल्व्हपाशी बुडबुडे पाहून आम्ही नट पकडीने आवळला, पुन्हा आवळला, शेवटी व्हॉल्व्हच बदलला. हवा जातच राहिली. टायर उतरवून टेपवरून बोट फिरवले तेव्हा व्हॉल्व्हच्या बरोबर समोरच्या बाजूला नखाएवढा काप सापडला. टायर चढवताना आमच्याच लोखंडी लिव्हरने तो केला होता. तेव्हापासून या कामाला प्लॅस्टिकचे लिव्हर, आणि शक्य तिथे नुसते अंगठे.

टेपचा दोष निघाला तर ठिगळ लावू नये, सबंध टेप काढून नवी लावावी. जुना गोंद पूर्ण निघाला पाहिजे; मोबाईल दुरुस्तीवाले जे आयसोप्रोपिल वापरतात त्याने रिम पुसून कोरडी करावी. निपलच्या भोकाला धारदार कंगोरा असेल तर घासून काढावा. टेप रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा २ ते ४ मि.मी. जास्त रुंद हवी, म्हणजे रिमची रुंदी ३० मि.मी. असेल तर ३२ ते ३४ची. अरुंद टेपच्या कडेखालून सीलंट शिरते आणि टेप उचलली जाते. व्हॉल्व्हच्या भोकाआधी साधारण १० से.मी.वर सुरुवात करून, ताण देत, सबंध फेरा मारून भोकापलीकडे तितकेच पुढे जावे, म्हणजे भोकावर दोन थर येतात. वायरमनची काळी टेप इथे चालत नाही. टेप लावल्यावर एक रात्र ट्यूब घालून हवा भरून ठेवावी. टेप तळाशी घट्ट चिकटते. भोक सुरीने फुलीसारखे कापू नये, कापाची टोके पुढे फाटत जातात. टोकदार दाभण तापवून लहान भोक पाडावे आणि व्हॉल्व्ह त्यात दाबून बसवावा. नट हातानेच आवळावा. रस्त्यात ट्यूब टाकायची वेळ आली तर तो गिऱ्हाईकाला हाताने सुटला पाहिजे.

व्हॉल्व्हच्या तोंडातून हवा येत असेल तर आतला कोर ढिला आहे किंवा सीलंटने चिकटला आहे. तो काढून साफ करावा, फार खराब असेल तर बदलावा.

टायरच्या कडेने फेस येत असेल तर टायरवरची बारीक रेघ पाहावी. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एका ठिकाणी आत गेली असेल तर कड तिथे बसलेली नाही. हवा सोडून कडेला साबणाचे पाणी लावावे, व्हॉल्व्हचा कोर काढून जोरात हवा द्यावी. कड जागी बसताना टक् असा आवाज येतो. पण ट्रकची हवा भरायचा कॉम्प्रेसर आणि सायकलची रिम यांची गाठ घालताना सांभाळावे. टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या दोन आकड्यांपैकी जो कमी, तो ओलांडू नये. डोंगरात ही चाके साधारण २० ते ३० पौंडांवरच चालतात. टायर उडाला तर सीलंट डोळ्यांत जाते आणि बोटेही जायबंदी होतात.

नव्या टायरच्या बाजूंवर घामासारखे बारीक थेंब दिसले तर घाबरू नये. सीलंट घालून चाक हलवावे, बादलीवर एक बाजू खाली करून आडवे ठेवावे, थोड्या वेळाने उलटावे. २९ इंची टायरला साधारण १०० मि.लि. सीलंट लागते.

काही काम मात्र परत करावे. साधा, ट्यूबचा टायर ट्यूबलेस करून द्या असा आग्रह गिऱ्हाईक करते. त्या टायरची कड ताणली जाऊन रिमवरून सुटू शकते, तीही उतारावर. टायरवर ट्यूबलेस रेडी असे लिहिलेले नसेल तर मजुरी सोडावी. रिमला मोठा पोचा असेल तरी तेच.

सीलंट आपल्याकडच्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत वाळते. आम्ही काम केल्याची तारीख कागदाच्या चिठ्ठीवर लिहून सीटखाली चिकटवतो. दोन महिन्यांनी गिऱ्हाईकाला फोन करतो, ते चाक घेऊन येते, आणि त्या वेळची मजुरी मागायला संकोच वाटत नाही.