‘निगेटिव्ह’ अहवाल नेमके काय सांगतो?
२०२१ मध्ये महाराष्ट्रातून कर्नाटकात जाताना सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर ७२ तासांच्या आतला आरटी-पीसीआर (नाका-घशातल्या स्रावात विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी चाचणी) अहवाल दाखवावा लागे. ‘निगेटिव्ह’ म्हणजे कोरोना नाहीच, असा अर्थ अनेकांनी घेतला. प्रत्यक्षात, घेतलेल्या नमुन्यात विषाणू सापडला नाही, एवढेच तो सांगतो. लागण नुकतीच झाली असेल तर ती चाचणीत दिसेलच असे नाही. डेअरीतली सकाळच्या फॅटची पावती संध्याकाळच्या दुधाला चालत नाही, तसेच हे.

लसीचे दोन डोस घेतलेल्यांनाही अहवाल मागितला, तेव्हा लोक चिडले. ते साहजिकच होते. पण लस मुख्यतः गंभीर आजार टाळते, लागण पूर्णपणे रोखत नाही. सीमाभागात असा आदेश काढताना आरोग्य खात्याने त्याचे कारणही मराठी आणि कन्नडमध्ये द्यावे.