खोकल्यातला साप

आमच्या अण्णांच्या खोकल्याने मागच्या वर्षी दोन नाटकं आणि एक मैफल वाया घालवली. खोकला कोरडा, कफाचं नाव नाही. घशाच्या तळाशी कोणीतरी पीस फिरवतंय, असं ते सांगायचे. हळद-दूध झालं, अडुळशाचं सिरप झालं, छातीचा एक्स-रे झाला, तो स्वच्छ. शेवटी आईने ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या आणि अण्णा दिवसभर एक काडी गालात धरून बसू लागले. घशाला जरा बरं वाटलं. पण नेमकं त्याच महिन्यात, इतके दिवस आटोक्यात असलेलं बीपी चढायला लागलं.

खोकला अण्णांच्या बीपीच्या गोळीचा होता. गोळी रॅमिप्रिल. ती सुरू होऊन दोन महिने उलटल्यावर खोकला आला, म्हणून कोणालाच दुवा लागला नाही. अण्णांना मध्ये एकदा शंका आली होती. त्यांनी कोणाला न विचारता चार दिवस गोळी बंद केली, खोकला तसाच राहिला, आणि ‘गोळीचा काही संबंध नाही’ असा निकाल देऊन ते मोकळे झाले. वास्तविक हा खोकला गोळी सोडल्यावर जायला एक ते चार आठवडे घेतो, कधी त्याहूनही जास्त. आणि ज्येष्ठमध? त्यातलं ग्लिसरायझिन मूत्रपिंडाला सोडियम धरून ठेवायला आणि पोटॅशियम टाकून द्यायला लावतं. म्हणजे गोळीने आणलेल्या खोकल्यावरचा आमचा घरगुती उपाय गोळीचंच काम उसवत होता!

हे कळल्यावर मी या गोळीच्या मागे लागलो, आणि थेट ब्राझीलच्या एका सापापाशी पोहोचलो.

जराराका हा आपल्या चापड्याच्या जातकुळीतला साप. तो चावला की माणसाचा रक्तदाब कोसळतो. १९४० च्या दशकाच्या अखेरीस साओ पाउलोमध्ये मॉरिसिओ रोशा ए सिल्वा यांनी हे विष रक्तात मिसळून पाहिलं, तेव्हा रक्तातूनच एक पदार्थ तयार झाला. ब्रॅडिकायनिन. रक्तवाहिन्या सैल करणारा, पण शरीरात क्षणभरच टिकणारा. त्यांचे विद्यार्थी सेर्जिओ फेरेरा यांनी १९६५ मध्ये दाखवलं की त्याच विषात ब्रॅडिकायनिनला मोडू न देणारंही काहीतरी असतं. साप आधी दार उघडतो आणि मग ते बंद होऊ नये म्हणून पाचरही मारतो! फेरेरा हे विष घेऊन लंडनला जॉन वेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथून धागा अमेरिकेतल्या स्क्विब कंपनीत पोहोचला. विषातला तो रेणू पोटात टिकत नव्हता, टोचावा लागे. डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी १९७५ मध्ये त्याच्या धर्तीवर एक लहानसा, गिळता येणारा रेणू घडवला. तो कॅप्टोप्रिल. १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि ‘प्रिल’ आडनावाच्या गोळ्यांचं घराणं सुरू झालं. अण्णांची गोळी त्यातलीच.

आता खरी गंमत. आपल्या शरीरात एसीई नावाचं एक विकर आहे. त्याला कात्री समजा. ही कात्री एका हाताने अँजिओटेन्सिन कापून त्याचा रक्तवाहिन्या आवळणारा तुकडा तयार करते आणि दुसऱ्या हाताने ब्रॅडिकायनिनचे तुकडे करते. आवळणारं वाढवायचं, सैल करणारं संपवायचं. गोळी ही कात्री अडकवून ठेवते, की दोन्ही बाजूंनी दाब उतरतो. पण या कात्र्या सर्वांत दाट असतात फुप्फुसांच्या केशवाहिन्यांच्या अस्तरात. तिथे न कापलेलं ब्रॅडिकायनिन साचतं, श्वासमार्गातल्या नसांना गुदगुल्या करतं, आणि रात्री दीड वाजता अण्णा उठून बसतात. फेरेरांना विषात जे सापडलं, त्याचाच तो आवाज. साधारण दहातल्या एकाला हा खोकला होतो. फार क्वचित त्याच कारणाने ओठ किंवा जीभ सुजते. ती मात्र धावत दवाखाना गाठण्याची वेळ.

‘दुष्परिणाम’ हा शब्द मला तेव्हापासून जरा फसवा वाटतो. त्यातून असं वाटतं, की औषधात दोन गोष्टी मिसळल्यात, एक भली आणि एक बुरी, आणि कंपनीने जरा नीट चाळलं असतं तर बुरी वेगळी काढता आली असती. इथे तर करणी एकच आहे. ती बोटांच्या टोकापर्यंत सगळीकडे पोहोचते, एवढंच.

मग ही उठाठेव करायचीच कशाला? बीपी तर दुखत नाही.

१७३३ मध्ये स्टीफन हेल्स या इंग्लिश पाद्रीने आपला प्रयोग छापला. घोडीच्या धमनीत नळी घालून तिला उंच काचेची नळी जोडली, तर रक्त ८ फूट ३ इंच चढलं. माणसाचा हिशेब आपण कागदावरच करू. १२० मिलिमीटर पारा म्हणजे रक्ताचा सुमारे पाच फुटांचा स्तंभ. १८० म्हणजे साडेसात फूट, दाराच्या चौकटीच्या वर. ही उंची हृदयाला दिवसातून लाखभर वेळा गाठायची असते, आणि मेंदूतल्या केसासारख्या वाहिन्यांनी तो मारा वर्षानुवर्षं सोसायचा असतो. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ भरलं होतं. जगातले उत्तम डॉक्टर हाताशी होते, पण त्यांच्या हाती होतं काय? मीठ कमी, विश्रांती, डिजिटालिस, झोपेचं औषध. १२ एप्रिल १९४५ ला चित्रकारासमोर बसलेले असताना त्यांनी डोकं भयंकर दुखतंय म्हणून सांगितलं. त्यानंतर मोजलेला दाब ३००/१९०. त्याच दुपारी मेंदूतल्या रक्तस्रावाने ते गेले.

चारच वर्षांनी, १९४९ मध्ये, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये ५० रुग्णांवरचा अनुभव छापला. औषध होतं सर्पगंधेचं मूळ. (इथेही नावात साप आहेच.) जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष त्या मुळाकडे वळलं, १९५२ मध्ये त्यातलं रिसर्पिन स्वित्झर्लंडमध्ये वेगळं काढलं गेलं, आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. रिसर्पिन मज्जातंतूंच्या टोकांशी साठवलेली रसायनं रिकामी करतं. रक्तवाहिन्यांना ‘आवळा’ म्हणून सांगणारा निरोपच पोहोचत नाही. पण तेच कोठार मेंदूतही रिकामं होतं. नाक चोंदणं, गुंगी, आणि काहींना येणारी खिन्नता डॉक्टर पन्नासच्या दशकातच नोंदवू लागले होते. कात्रीची गोष्ट इथेही तीच.

तरीही ते घेणं शहाणपणाचं होतं का? याचं उत्तर १९६७ मध्ये आलं. अमेरिकेत एडवर्ड फ्रीस यांनी १४३ माजी सैनिक घेतले. खालचं बीपी ११५ ते १२९, म्हणजे बरंच जास्त. ७३ जणांना रिसर्पिनसह तीन औषधं, ७० जणांना दिसायला तशाच पण पोकळ गोळ्या. सरासरी दीड वर्षाच्या आसपासच्या काळात पोकळ गोळीवाल्यांपैकी २७ जणांवर गंभीर संकट आलं. औषधवाल्यांपैकी दोघांवर. हा आकडा मी जेव्हा जेव्हा वाचतो तेव्हा थबकतो. औषधावरच्या ज्यांच्यावर संकट आलं नाही, त्यांच्यातल्या एकालाही कळलं नसेल की आपण वाचलो. त्यांना फक्त चोंदलेलं नाक ठाऊक. गोळीचा फायदा कधी आपल्या अंगावर दिसत नाही, तोटा मात्र रोज दिसतो.

अर्थात २७ विरुद्ध २ हा हिशेब सगळ्यांना लागू करणं ही लबाडी होईल. दाब मुळात जितका जास्त, तितकी कमाई मोठी. २०१५ च्या स्प्रिंट या अमेरिकी चाचणीत ९,३६१ जण होते. निम्म्यांचं वरचं बीपी १४० च्या खाली ठेवायचं, निम्म्यांचं १२० च्या. हृदयविकार, पक्षाघात वगैरेंचं प्रमाण वर्षाला शंभरात २.१९ वरून १.६५ वर आलं. म्हणजे दोनशे जणांनी वर्षभर जास्त गोळ्या घ्यायच्या तेव्हा एकाचं संकट टळणार. उलट बाजूला, चाचणीच्या एकूण काळात मूत्रपिंडांना अचानक इजा होण्याचं प्रमाण २.५ वरून ४.१ टक्क्यांवर गेलं, आणि चक्कर येऊन पडणारेही वाढले. सौदा तरीही फायद्याचाच. पण १८० वरून १४० ला उतरणं आणि १४० वरून १२० ला उतरणं, या दोन्हींची किंमत सारखी नसते. ऐंशी वर्षांच्या, उठताना भिंत धरणाऱ्या आजीच्या बाबतीत डॉक्टर बीपी उभं करूनही मोजतात, ते याचसाठी.

माझ्या मावशीला अॅम्लोडिपिन आहे. संध्याकाळी तिच्या घोट्यावर अंगठा दाबला की खळगा पडतो आणि सावकाश भरतो. तिला वाटलं मूत्रपिंड गेलं. मावशी शेतावरची, म्हणून तिला दारं धरण्याच्या भाषेत सांगितलं. ही गोळी पाटाकडचं दार मोकळं करते, म्हणजे बारीक धमन्या सैल होतात. पण वाफ्यातून पाणी बाहेर नेणारा चर, म्हणजे शिरा, होता तेवढाच राहतो. मग वाफ्यात पाणी तुंबणारच. लघवी वाढवणाऱ्या गोळीने ही सूज फारशी हटत नाही, कारण अंगात पाणी जास्त झालेलंच नसतं. जोडीला टेल्मिसार्टनसारखी गोळी दिली की खालचा चरही रुंदावतो आणि सूज कमी होते. ‘मग हे आधी का नाही सांगितलं?’ मावशीचा प्रश्न रास्त होता.

आणि डोस. अॅम्लोडिपिन पाच मिलिग्रॅम घेणाऱ्या शंभरातल्या तिघांना सूज येते. दहा मिलिग्रॅमला जवळजवळ अकरा जणांना. उलट, नेहमीचा डोस निम्मा केला तर दाब उतरवण्याची ताकद निम्मी होत नाही. ३५४ चाचण्या एकत्र करून २००३ मध्ये काढलेला हिशेब सांगतो, की ती फक्त पाचव्या हिश्श्याने घटते. एका गोळीला मरेस्तोवर राबवण्यापेक्षा दोघींना अर्धं अर्धं काम वाटून देणं बरं, हे त्यातून निघतं. ‘एकाच्या दोन गोळ्या झाल्या, म्हणजे आजार वाढला’ असं समजणाऱ्यांना हे ऐकवावंसं वाटतं.

हे सगळं लिहिताना मला एक भीती आहे. २००३ मध्येच इटलीत ९६ पुरुषांना अॅटेनोलॉल दिलं गेलं. काय औषध आहे हे ज्यांना सांगितलं नव्हतं, त्यांच्यापैकी ३.१ टक्क्यांनी लैंगिक अडचणीची तक्रार केली. औषधाचं नाव सांगितलेल्यांत १५.६ टक्के. आणि ‘असा त्रास होऊ शकतो’ हेही ज्यांना सांगितलं, त्यांच्यात ३१.२. गोळी तीच! तेव्हा हा लेख वाचून कोणाला आज रात्री ठसका लागलाच, तर निम्मा दोष माझा.

अण्णांची गोळी डॉक्टरांनी बदलली. आता ते टेल्मिसार्टनवर आहेत. ती कात्रीला हातच लावत नाही. कापलेला तुकडा ज्या कुलपात बसून वाहिनी आवळतो, त्या कुलपातच ती अडकून बसते. ब्रॅडिकायनिन आपलं कापलं जात राहतं. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री खोकला आला नाही, म्हणून आई दीड वाजता दचकून जागी झाली आणि अण्णांचा श्वास चालू आहे ना, ते बघून पुन्हा झोपली. ज्येष्ठमधाची बरणी आता माझ्या भाचीने पळवली आहे. ती गाणं शिकते, आणि तिचं बीपी ११० आहे.