अवकाशयानांचा मागोवा व कक्षानिर्धारण

चंद्राकडे अथवा ग्रहांकडे पाठविलेल्या अवकाशयानाचे अंतर, वेग व दिशा पृथ्वीवरील केंद्रांतून मोजणे म्हणजे मागोवा घेणे आणि या मापनांवरून त्याचा गतिमार्ग गणिताने निश्चित करणे म्हणजे कक्षानिर्धारण होय. यानावरील एंजिन केव्हा व किती वेळ चालवावयाचे, हे या निर्धारणावरूनच ठरते. त्यासाठी मुख्यतः यान व पृथ्वी यांच्यात ये-जा करणाऱ्या रेडिओ तरंगांवर अवलंबून राहावे लागते.

मापन पद्धती : केंद्रातून अचूक कंप्रतेचा (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्येचा) संदेश पाठविला जातो. यानावरील प्रतिसादक तो ग्रहण करून ठराविक गुणोत्तराने बदललेल्या कंप्रतेवर परत पाठवितो. यान दूर जात असल्यास ही कंप्रता अपेक्षेपेक्षा कमी व जवळ येत असल्यास जास्त आढळते (डॉप्लर परिणाम). सु. ८.४ गिगाहर्ट्झ कंप्रता असल्यास दृष्टिरेषेतील वेगात सेकंदाला १ मी. फरक पडला, तर द्विमार्गी संदेशात सु. ५६ हर्ट्झ फरक पडतो. हायड्रोजन मेसरसारख्या अतिस्थिर घड्याळांमुळे सेकंदाला ०.१ मिमी. इतका सूक्ष्म वेगबदलही ओळखता येतो. संदेशावर विशिष्ट संकेत आरोपित करून तो परत येण्यास लागणाऱ्या काळावरून अंतर काढतात. चंद्र सरासरी ३,८४,४०० किमी. दूर असल्याने हा काळ सु. २.५६ सेकंद असतो.

ही दोन्ही मापने दृष्टिरेषेपुरतीच असतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे केंद्र यानाच्या सापेक्ष जवळ व दूर होत राहते आणि कंप्रतेत दैनिक चढउतार होतात. त्यांवरून यानाचे विषुवांश व क्रांती हे दिशादर्शक कोन मिळतात. मात्र यान खगोलीय विषुववृत्ताजवळ असताना क्रांती अचूकपणे मिळत नाही. ही उणीव व्यतिकरणमापनाने भरून निघते. हजारो किमी. अंतरावरील दोन केंद्रे यानाचा व नंतर जवळच दिसणाऱ्या एखाद्या क्वासाराचा संदेश ग्रहण करतात. संदेश पोहोचण्याच्या वेळांतील फरकांची तुलना करून यानाची दिशा काढतात.

गणन : सूर्य, ग्रह व चंद्र यांचे गुरुत्वाकर्षण, सूर्यप्रकाशाचा दाब आणि यानावरील लहान प्रणोदकांचे धक्के विचारात घेऊन संभाव्य मार्ग काढतात. त्यावरून अपेक्षित मापने व प्रत्यक्ष मापने यांतील फरक न्यूनतम वर्ग पद्धतीने कमीत कमी होईपर्यंत मार्गात दुरुस्त्या करतात.

गृहीत धरलेली प्रेरणा चुकीची असल्यास गणन फसते. अमेरिकेच्या ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ या यानाच्या प्रणोदकांचे आवेग पौंड-सेकंद एककात दिलेले असताना ते न्यूटन-सेकंद समजले गेले. परिणामी त्यांचा प्रभाव सु. ४.४५ पट कमी धरला गेला. हे धक्के बहुतांशी दृष्टिरेषेला लंब असल्याने डॉप्लर मापनांत ही चूक ठळकपणे दिसली नाही. २३ सप्टेंबर १९९९ रोजी यान मंगळापासून नियोजित सु. २२६ किमी. ऐवजी सु. ५७ किमी. उंचीच्या मार्गाने गेले व नष्ट झाले.

चंद्राभोवतीच्या कक्षा : १९६८ मध्ये पी. एम्. मुलर व डब्ल्यू. एल्. स्योग्रेन यांना ‘लूनर ऑर्बिटर’ यानाच्या डॉप्लर मापनांवरून चंद्राच्या पृष्ठाखाली अधिक वस्तुमान एकवटल्याचे आढळले. या वस्तुमान-संचयांमुळे कमी उंचीच्या अनेक कक्षा अस्थिर होतात. अपोलो-१६ ने एप्रिल १९७२ मध्ये सोडलेला लहान उपग्रह सु. ३५ दिवसांतच चंद्रावर आदळला. उलटपक्षी, नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ च्या अवतरकाला उतरताना डॉप्लर मापनांवरून काढलेली दुरुस्ती देण्यात आली व तो आधी उतरलेल्या सर्व्हेअर-३ पासून सु. १६० मी. अंतरावर उतरला. यान चंद्रामागे गेले असता पृथ्वीवरून थेट मापन होत नाही. जपानच्या ‘कागुया’ मोहिमेत (२००७–०९) सहचर उपग्रहाद्वारे ते साधण्यात आले.

केंद्रे : पृथ्वी फिरत असल्याने एकाच केंद्रातून यान सतत दिसत नाही. म्हणून अमेरिकेची केंद्रे गोल्डस्टोन (कॅलिफोर्निया), माद्रिदजवळ (स्पेन) व कॅनबेराजवळ (ऑस्ट्रेलिया) अशी रेखांशात सु. १२०° अंतराने आहेत. तेथे ७० मी. व ३४ मी. व्यासांचे आकाशक (रेडिओ तरंग ग्रहण व प्रेषण करणारी साधने) आहेत. भारताचे केंद्र बंगळूरुजवळ ब्यालालू येथे असून चंद्रयान-१ मोहिमेसाठी (२००८) तेथे १८ मी. व ३२ मी. व्यासांचे आकाशक उभारण्यात आले. चंद्रयान-२ (२०१९) व चंद्रयान-३ (२०२३) या मोहिमांतही या केंद्राचा उपयोग झाला.